टायाना ३७ की व्हॅलियंट ४०

टायाना ३७ आणि व्हॅलियंट ४० या दोन्ही बोटींचं वजन कागदावर अगदी सारखं आहे: साडेबावीस हजार पौंड, म्हणजे दहा टनांच्या थोडं वर. दोन्ही रॉबर्ट पेरी या एकाच डिझायनरच्या हातच्या. दोन्हींचं डिझाइन सत्तरच्या दशकातलं. दोन्हींचं मागचं टोक पुढच्यासारखंच निमुळतं होत गेलेलं. दोन्ही कटर, म्हणजे एकच डोलकाठी आणि तिच्यापुढे दोन शिडं. एवढं सगळं सारखं असूनही एकीवरून उतरून दुसरीवर गेलं की वाटतं, या दोघी एकमेकींना ओळखतही नसतील.

यातली कोणती विकत घ्यायची, याशिवाय आमच्या घरात सध्या दुसरा विषय नाही. नवरा टायानाच्या बाजूने, मी आधी कुठल्याच नाही आणि मग हळूहळू व्हॅलियंटच्या बाजूने. मी पेशाने ऑडिटर. माझ्यासमोर दोन आकडे सारखे आले की मला आनंद होत नाही, संशय येतो. दोन बोटींचं वजन सारखं असेल तर ते वजन ठेवलंय कुठे, हा माझा पहिला प्रश्न होता.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण पुढचं सगळं मोजमाप त्यावर उभं आहे. आम्ही दोघंच जाणार. लांबच्या प्रवासात दोघांची बोट म्हणजे खरं तर आलटूनपालटून एकट्याची बोट. एक जण पहाऱ्यावर असतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो, आणि तो झोपलाच पाहिजे, नाहीतर तिसऱ्या दिवशी दोघंही निरुपयोगी होतात. म्हणून ‘कोणती बोट चांगली’ हा प्रश्न मी विचारलाच नाही. मी विचारत होते ते असं: रात्रीचे तीन वाजलेत, वारा अचानक चढलाय, नवरा खाली झोपलाय, माझी उंची पाच फूट दोन इंच. या बोटीवर मला एकटीला काय काय करता येईल? त्याने स्वतःच्या बाबतीत हाच प्रश्न विचारावा, असंही मी सुचवलं. तो सहा फुटी आहे. त्याचं उत्तर होतं, “मला सगळं करता येईल.” तेव्हा परीक्षेचा पेपर माझ्या मापाचा ठेवला.

आता वजन कुठे आहे ते. टायानाची कील, म्हणजे बोटीच्या तळाखाली उतरलेला जड भाग, लांब. पुढून थोडी कापलेली, पण तिथून मागपर्यंत सलग जाणारी, आणि तिच्या मागच्या कडेला सुकाणू टांगलेलं. पंखा कील आणि सुकाणू यांच्यामधल्या खाचेत लपलेला. तरंगती दोरी, जाळं, पाण्याखालचा ओंडका यातलं काहीही आलं तरी त्याला अडकायला फारशी जागा नाही. व्हॅलियंटची कील आखूड, पात्यासारखी, आणि सुकाणू तिच्यापासून दूर, मागे, स्केग नावाच्या वेगळ्या आधारावर. पाण्याखाली या दोन बोटींचं काही म्हणता काही साम्य नाही. पाण्यावर मात्र पेरीने दोघींना तेच जुन्या धाटणीचं मागचं टोक दिलं. ते टोक एकोणिसाव्या शतकातल्या नॉर्वेच्या कॉलिन आर्चरच्या बचाव-बोटींची आठवण करून देणारं. त्या काळात दूरच्या समुद्रावर जायचं म्हणजे बोट अशीच दिसली पाहिजे, अशी गिऱ्हाइकांची ठाम समजूत होती. मागून येणारी लाट निमुळत्या टोकावर फुटून दुभंगते, असं सांगितलं जातं. मला त्याबद्दल फार खात्री वाटत नाही. त्या टोकामुळे मागच्या सामानाच्या कप्प्यात जागा किती कमी होते, ते मात्र मी स्वतः टेपने मोजलंय.

व्हॅलियंट आली तेव्हा ‘आखूड कील आणि वेगळं सुकाणू घेऊन महासागर ओलांडायचा?’ म्हणून बरेच जण नाकं मुरडत होते. मग १९८२-८३ ची बीओसी चॅलेंज झाली, एकट्याने टप्प्याटप्प्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत. त्यात डॅन बर्न ‘फँटसी’ नावाची व्हॅलियंट ४० घेऊन उतरला होता. दक्षिणेकडच्या समुद्रातून जाणारी ती शर्यत त्याने पूर्णही केली. आखूड कीलच्या बोटीने खवळलेल्या पाण्यात हे केलं, यानंतर त्या शंकेत फारसा दम उरला नाही. अर्थात बोट बर्नच्या हातात होती, माझ्या नव्हे.

लांबीचा गोंधळ आधी निस्तरते. टायाना ‘३७’ म्हणजे हल, बोटीचं मुख्य अंग, ३६ फूट ८ इंच. पण तिच्या नाकाच्या पुढे लाकडी बो-स्प्रिट, म्हणजे बाहेर आलेली फळी आहे, तो धरला की एकूण लांबी ४२ फुटांच्या आसपास जाते. व्हॅलियंट ‘४०’ म्हणजे ३९ फूट ११ इंच, आणि तिला बो-स्प्रिट नाही. मरीनात धक्क्याचं भाडं साधारणपणे टोकापासून टोकापर्यंत मोजतात. म्हणजे सदतिसाची बोट चाळिसाच्या बोटीपेक्षा जास्त जागा अडवते आणि आत जागा कमी देते! ऑडिटरला अशा गोष्टींची मजा वाटते.

खरा फरक पाण्याच्या रेषेत आहे. टायानाची पाण्यातली लांबी ३१ फूट, व्हॅलियंटची ३४. अशा हलची वेगाची वरची मर्यादा साधारण या लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणून काढतात. टायाना साडेसात नॉट, म्हणजे ताशी साडेसात सागरी मैल, व्हॅलियंट ७.८. नवरा म्हणाला, “पाव-अर्धा नॉट? त्यासाठी एवढा खल?” पण वरची मर्यादा रोज गाठली जात नाही. रोजचा प्रश्न हलक्या वाऱ्याचा असतो, आणि लांब कीलला पाणी जास्त चिकटतं, कारण भिजणारा पृष्ठभागच जास्त. समजा सरासरी साडेपाच आणि सहा नॉट धरली. हजार सागरी मैलांना एकीला १८२ तास लागतात, दुसरीला १६७. पंधरा तास. म्हणजे एक अख्खी रात्र कमी. रात्री तीनच्या प्रश्नाचं एक उत्तर हेही आहे की अशा रात्रीच कमी याव्यात.

आता गुणोत्तरं. हा माझा प्रांत, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

वजन आणि पाण्यातली लांबी यांचं एक गुणोत्तर असतं. टायानाचं साधारण ३३७ येतं, व्हॅलियंटचं २५५. पहिली स्पष्टपणे जड बोट, दुसरी मध्यम. शिडाचं क्षेत्रफळ टायानाचं ८६० चौरस फुटांच्या आसपास, व्हॅलियंटचं ७७२. वजन तेवढंच, म्हणून शीड-वजन गुणोत्तर टायानाचं १७ च्या वर, व्हॅलियंटचं साडेपंधरा. ‘टायाना म्हणजे संथ म्हैस’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. तिला हलवायला पेरीने कापड भरपूर दिलंय. पण ते कापड पसरायला तो बो-स्प्रिट लागतो, आणि बो-स्प्रिटशी माझं भांडण आहे. त्यावर येतेच.

दुसरे दोन आकडे विक्रीच्या जाहिरातींत हमखास दिसतात. एक कॅपसाइझ स्क्रीनिंग, म्हणजे बोट उलटण्याच्या धोक्याची ढोबळ चाळणी. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळात १५ खलाशी गेले, त्यानंतरच्या चौकश्यांतून हे सूत्र आलं. बोटीची रुंदी घ्यायची आणि बोटीने सारलेल्या पाण्याच्या घनफळाच्या घनमुळाने भागायची. उत्तर दोनच्या खाली आलं की दूरच्या समुद्रासाठी ठीक. टायाना १.६३, व्हॅलियंट १.७५. दोघी पास. पण सूत्र नीट पाहिलं तर त्यात गुरुत्वमध्याचा पत्ताच नाही. डोलकाठीच्या शेंड्याला शिशाचा गोळा बांधला, तर वजन वाढलं म्हणून आकडा सुधारतो आणि बोट जास्त धोकादायक होते. असा ताळेबंद माझ्यापुढे कुणी आणला असता तर मी सही केली नसती. दोन बोटी एकाच जातीच्या असतील तर तुलनेला तो चालतो, एवढीच त्याची किंमत.

दुसरा बोट-डिझायनर टेड ब्रुअर यांचा कम्फर्ट रेशो. बोट लाटांवर किती झटके देईल याचा अंदाज. ब्रुअर यांनी तो अर्धा गमतीने काढला होता, लोकांनी गंभीरपणे घेतला. टायानाला ४१ च्या जवळ, व्हॅलियंटला ३४. ३४ काही वाईट नाही, आजच्या रुंद, हलक्या बोटी याच्या बऱ्याच खाली असतात. तरी हा एक आकडा मला पाण्यावर प्रत्यक्ष जाणवला. त्याचंही सांगते.

हे सगळे आकडे रिकाम्या बोटीचे आहेत, हे मात्र कुणी ठळकपणे छापत नाही. पाणी, डिझेल, साखळी, दुसरा नांगर, रबरी डिंगी, अवजारं, सुटे भाग, धान्य, पुस्तकं. राहती बोट म्हटली की दोन-अडीच टन सहज चढतात. मग पाण्याची रेषा वर सरकते आणि गुणोत्तरं बदलतात. जड बोटीला त्या अडीच टनांचं कमी वाटतं, आणि वजनाने दोघी सारख्याच. पण टायानाच्या पोटात एक जुनी खोड आहे. बऱ्याच बोटींत डिझेलची लोखंडी टाकी अगदी पुढे, पुढच्या बर्थखाली असते. साधारण ९० गॅलन. भरली की जवळपास ३०० किलो, तेही नेमकं जिथे नको तिथे. त्यात पुढे साखळी. नाक जड झालं की बोट लाटेवर चढण्याऐवजी तिच्यात घुसू पाहते. काही मालकांनी टाकी मधोमध हलवली आहे. आम्ही पाहिलेल्या बोटीत ती मूळ जागीच होती.

दोन्ही मालकांनी आम्हाला पाण्यावर नेलं, याबद्दल त्यांचे आभार. टायानाच्या दिवशी वारा सोळा ते अठरा नॉट, लाटा आखूड आणि उभ्या. अशा पाण्यात मला हमखास पोटात ढवळतं. त्या दिवशी ढवळलं नाही. बोट लाटेत शिरताना आपटत नव्हती, दाबून, रुंद श्वास घेतल्यासारखी बसत होती. नवऱ्याच्या चेहऱ्यावर तेव्हाच लिहिलेलं दिसलं की हा माणूस गेला. चाक मात्र जड होत गेलं. बोट कललेली असताना नाक वाऱ्याकडे वळवू पाहते, तो जोर सतत हातावर येत होता. टायानाबद्दल ही तक्रार जुनी आहे. डोलकाठी मागे झुकवून ठेवली असेल तर तो जोर वाढतो, सरळ केली आणि मोठं शीड लवकर कमी केलं तर उतरतो. मालकाने एक रीफ घेतला, म्हणजे मोठं शीड खालून बांधून लहान केलं, आणि खरंच चाक हलकं झालं, वेग जवळपास तेवढाच राहिला. म्हणजे औषध आहे. फक्त ते वेळेवर घ्यायला हवं, आणि घेणारी मी असणार.

मग मी माझी परीक्षा घेतली. नवऱ्याला खाली पाठवलं, मालकाला हात बांधून बसायला सांगितलं आणि दुसरा रीफ एकटीने घेतला. या बोटीवर त्याच्या दोऱ्या डोलकाठीपाशी होत्या, म्हणजे कॉकपिट, ही चाकापाशी बसायची मागची जागा, सोडून पुढे जायचं, पट्टा अडकवायचा, एका हाताने धरून दुसऱ्याने ओढायचं. जमलं. हे दोऱ्या मागे आणून सुधारता येतं, म्हणून त्याचे गुण मी कापले नाहीत. बो-स्प्रिटचे कापले. पुढचं मोठं शीड त्याच्या टोकाला गुंडाळलं जातं. गुंडाळायचं यंत्र अडकलं, आणि ती यंत्रं वारा चढल्यावरच अडकतात, तर हलच्या पुढे पाच फूट, पाण्यावर लटकणाऱ्या फळीवर जायचं. फळीला कठडा आहे, जाळीही आहे. मी बंदरात नांगरलेल्या बोटीवर त्या टोकापर्यंत जाऊन आले. परत येताना ठरवलं की रात्री तीनला मी इथे येणार नाही.

नवरा म्हणाला, “मला उठव ना.”

“आणि तुला ताप असेल तर?”

यावर तो गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे, उत्तर सापडलं नाही म्हणून.

टायानाला एका बाबतीत मात्र पैकीच्या पैकी. हीव्ह-टू. पुढचं छोटं शीड उलट बाजूने भरायचं, मोठं शीड आत घ्यायचं, सुकाणू वाऱ्याच्या दिशेने वळवून बांधून टाकायचं. बोट जागच्या जागी थबकते, सावकाश वाहत राहते, आणि लाटांना खांदा देऊन शांत बसते. टायाना अशी बसली की मालकाने खाली जाऊन चहा केला. एकट्या माणसासाठी हे ब्रेक आहेत. दमलात, काही कळेनासं झालं, थांबा. व्हॅलियंटलाही थांबवता येतं, पण तिला बसवायला शिडाचं आणि सुकाणूचं प्रमाण दोन-चार वेळा बदलावं लागलं आणि तरी तिचं नाक इकडेतिकडे जरा जास्त फिरत होतं. आखूड कीलच्या बोटींचं असंच असतं. इथे मी टायानाच्या बाजूला लिहिलं, ठळक अक्षरात.

व्हॅलियंटच्या दिवशी वारा कमी होता, दहा-बारा नॉट. तुलना म्हणून हे योग्य नाही हे मला कळतं. पण दोन्ही बोटी एका दिवशी एका पाण्यात कोण देणार? बारा नॉट वाऱ्यात ती ज्या सहजतेने वाऱ्याच्या तोंडाकडे चढत होती ते पाहून मी वेगाचा आकडा पुन्हा पुन्हा तपासला. चाक दोन बोटांवर. दिशा बदलली की लगेच वळते, आणि वळताना वेग फार गमावत नाही. लाटा छोट्या होत्या, तरी एक-दोन ठिकाणी टायानाने गिळून टाकला असता असा धक्का हिने पायांना कळवला. ते ३४ आणि ४१ मधलं अंतर असावं. माझ्या पोटाने मात्र काही तक्रार केली नाही. रीफच्या दोऱ्या आधीच्या कुणीतरी मागे कॉकपिटमध्ये आणलेल्या. पुढचं शीड हलच्या नाकाशीच संपतं. तिथे जायचं तर कठड्याच्या आतून, डेकवरून, गुडघ्यांवर जाता येतं.

मग इंजिनवर बोट मागे घ्यायची वेळ आली. ज्यांनी लांब कीलची बोट धक्क्यात मागे घेतली आहे त्यांना सांगायला नको. पंखा उलटा फिरला की मागचं टोक एका बाजूला ओढलं जातं, आणि सुकाणूला पकड येईपर्यंत बोट हवं ते करते. टायानाच्या मालकाला याची इतकी सवय होती की तो मागे जायचं असेल तेव्हा आधी भलतीकडेच तोंड करून उभा राहायचा आणि बोट बरोबर हव्या त्या जागी यायची. ती कला आहे, शिकता येते. पण वारा आडवा असताना, शेजारी दुसऱ्याची नवी बोट असताना, मला कला नको, सुकाणू हवं. व्हॅलियंटचं सुकाणू कीलपासून दूर आहे, पाणी मागून वाहायला लागलं की ते ऐकतं. मी पहिल्याच खेपेला तिला सरळ मागे नेली. मालकापेक्षा मलाच जास्त आश्चर्य वाटलं.

पाण्याखाली दोघी किती खोल जातात, तेही फार वेगळं नाही. टायाना पाच फूट आठ इंच, व्हॅलियंट सहा फूट. चार इंचांसाठी कुणी बोट बदलत नाही.

आतल्या भागाबद्दल थोडक्यात. टायाना म्हणजे लाकूड. या बोटी बांधणाऱ्या तैवानच्या यार्डाने गिऱ्हाइकाच्या सांगण्यानुसार आतली मांडणी बदलून दिली, त्यामुळे दोन टायाना आतून सारख्या सापडणं कठीण. आम्ही पाहिलेलीत कोरीव कठडे, सागवानी कपाटं, आणि प्रत्येक दारामागे आणखी एक दार. नवरा हात फिरवत होता.

“अगं, हे काम आता कोण करून देणार?”

“हे पॉलिश कोण करणार?”

“मी.”

“बाहेरचंसुद्धा?”

बाहेरचं म्हणजे बो-स्प्रिट, कठड्यांच्या फळ्या, आणि सबंध सागवानी डेक. त्या डेकवर माझं मन सर्वांत जास्त अडलं. सागाच्या पट्ट्या खालच्या फायबरग्लासला स्क्रूने बसवलेल्या असतात. शेकडो स्क्रू, म्हणजे शेकडो भोकं, आणि चाळीस वर्षांत त्यातल्या काहींतून पाणी आत गेलेलंच असतं. खाली बाल्सा लाकडाचा गाभा. तो भिजला की कुजतो, पण वरून काही दिसत नाही. छोट्या हातोड्याने टकटक करत गेलं की कळतं: चांगल्या जागी खणखणीत, कुजलेल्या जागी भदभद. या बोटीवर डोलकाठीच्या आसपास भदभद ऐकू आलं. मालकाने ते नाकारलं नाही, किंमत त्यात धरली आहे म्हणाला. मला त्याचा प्रामाणिकपणा आवडला.

दुसरी भीती चेनप्लेटची. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना बांधतात त्या या. जुन्या टायानात त्या डेकमधून आत उतरून कपाटांच्या मागे हलला जोडलेल्या असतात. डेकवरची फट गळायला लागली की पाणी पट्टीलगत साचतं. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो म्हणून, आणि तो थर टिकायला हवा लागते. कोंडलेल्या ओलाव्यात हवा नाही, थर तुटतो आणि आतल्या आत चीर वाढते. वरचा भाग आरशासारखा चकचकीत, आतला कागदासारखा. पट्टी बाहेर काढून पाहिल्याशिवाय खात्री नाही, आणि बाहेर काढायची म्हणजे ती सुंदर कपाटं तोडायची.

व्हॅलियंटच्या बाबतीत वेगळीच गोष्ट, आणि ती बोटींच्या जगात सगळ्यांना माहीत आहे. सुरुवातीच्या बोटी अमेरिकेतल्या बेलिंगहॅममधल्या युनिफ्लाइट यार्डात बांधल्या गेल्या. हे यार्ड लष्करासाठी नदीतल्या गस्ती-बोटी बांधायचं. १९७६ ते १९८१ च्या सुमारास तिथे पटकन आग न धरणारं रेझिन, म्हणजे फायबरग्लास घट्ट धरणारं द्रव्य, वापरलं गेलं, आणि त्या काळातल्या बऱ्याच व्हॅलियंटना पुढे फोड आले. साधे, पाण्याखालचे नव्हेत, पाण्याच्या वर, बाजूंवर, डेकवरसुद्धा. पाणी झिरपून रेझिनमधली विरघळणारी द्रव्यं घेतं, आत दाब तयार होतो आणि वरचा थर फुगतो. बोट त्यामुळे बुडत नाही, पण दुरुस्ती संपत नाही आणि विकायला गेलं की गिऱ्हाईक पाठ फिरवतं. १९८४ मध्ये साचे टेक्सासला गेले, बांधणी तिथे सुरू झाली, रेझिन बदललं. म्हणून व्हॅलियंट पाहताना माझा पहिला प्रश्न बांधणीच्या वर्षाचा असायचा. आम्हाला मिळालेली टेक्सासची आहे. फोड असलेली मिळाली असती तर स्वस्त पडली असती आणि ऑडिटर म्हणून मी कदाचित मोहात पडलेही असते.

सर्व्हे, म्हणजे खरेदीआधीची तपासणी, व्हायचा आहे. सर्व्हेअरला मी क्रम लावून दिलाय. चेनप्लेटपैकी एक, त्याच्या पसंतीची, पूर्ण बाहेर काढून. मग कीलचे बोल्ट: व्हॅलियंटच्या कीलचं वजन खाली बोल्टने लावलेलं आहे, टायानासारखं हलच्या आत बंद केलेलं नाही, त्यामुळे कील आणि हलच्या सांध्यावर गंजाचे ओघळ आहेत का ते पाहायचं. स्केगच्या मुळाशी चिरा. डोलकाठीच्या तारा कधी बदलल्या त्याची पावती. पावती नसेल तर त्या जुन्या धरायच्या. डेकवर ओलाव्याचं मीटर, आणि मीटरवर विश्वास न ठेवता हातोडाही. सुकाणू धरून हलवून पाहायचं, खडखडतं का. आणि इंजिन थंड असताना सुरू करायचं. आम्ही येण्याआधी कुणी गरम करून ठेवलेलं नको.

नवऱ्याने शेवटी दोन अटी घातल्या: व्हॅलियंट घेतली तर शिडं-दोऱ्यांच्या बाबतीत त्याने सांगितलेले तीन बदल करायचे, आणि हीव्ह-टूचा सराव मी इतका करायचा की बोट टायानासारखी बसली पाहिजे. मान्य केलं. ऑफर व्हॅलियंटवर दिली आहे, सर्व्हेच्या अटीवर. स्केगच्या मुळाशी काही निघालं तर टायानाच्या मालकाला फोन करायचा, चेनप्लेटच्या किमती आणि डेक उखडण्याचा खर्च घेऊन. तो फोन नवरा करेल. त्या दोघांचं लाकडावरून चांगलं जमलंय, आणि किंमत कमी करून घ्यायची असेल तर मी बोललेली बरी नाही.